पेढीचा कारकून आणि न्यायाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्या अनुभवी माणसाच्या तोंडून ती प्रथम बाहेर पडली असेल, त्याचें घरदार वकिलाच्या फीपायीं गेलें असावें, यांत मला शंका वाटत नाहीं. परंतु श्रोतेहो, या म्हणीची दुसरीही एक बाजू आहे आणि ती तितकीशी निरुपद्रवी नाहीं. ज्याच्या हातीं सत्ता असते त्याला ही म्हण फार सोयीची पडते. ज्याच्यावर अन्याय झाला तो शहाणपणानें घरीं बसला, कीं अन्याय करणाराचें काम आपोआप सोपें होतें. आज मी आपणांस अशा एका वर्गाची हकीकत सांगणार आहें, कीं ज्याला जग फार शहाणा समजतें, ज्याच्या हातांतून रोज लाखों रुपये जातात, आणि ज्याला स्वतःच्या भाकरीसाठीं मात्र ही पायरी पुनःपुन्हां चढावी लागली. हा वर्ग म्हणजे बँकेंत काम करणारा कारकून व अधिकारी.

मी वणीचा. सप्तशृंग गडाच्या पायथ्याचें हें गांव नाशिक जिल्ह्यांत, दिंडोरी तालुक्यांत मोडतें. १६७० च्या ऑक्टोबर महिन्यांत सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची दाऊदखानाच्या मोगली फौजेशीं जी लढाई झाली, ती वणी-दिंडोरीच्याच रानांत. सुरतेचें धन याच मुलखांतून पुढें गेलें. पैशाला वाट लागते, वाटेला राखणदार लागतो, आणि राखणदाराच्या अंगीं इमान लागतें. हें आमच्या भागांतील माणसाला वेगळें शिकवावें लागत नाहीं. पेढीच्या नोकरीचेंही मर्म हेंच आहे. गिरणींतल्या मजुराला कामावरून दूर केलें, तर तो दुसऱ्या गिरणीच्या दारांत जाऊन उभा राहूं शकतो. पण पेढींतून काढलेल्या माणसाकडे सारा गांव एकाच दृष्टीनें पाहतो. यानें पैसे खाल्ले असतील काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवीत नाहीं, आणि म्हणूनच त्याचें उत्तरही त्याला कधीं देतां येत नाहीं. त्याची नोकरी जाते, आणि तिच्यासवें अब्रूही जाते. या विषयांत पणाला काय लागलेलें असतें, तें आरंभींच सांगितलेलें बरें.

जुन्या काळीं सावकाराच्या पेढीवर मालकाचा शब्द हाच कायदा होता. न्यायनिष्ठेसाठीं ज्यांचें नांव महाराष्ट्रांत आजही आदरानें घेतलें जातें, ते रामशास्त्री प्रभुणे तरुणपणीं साताऱ्यास एका सावकाराच्या घरीं नोकरीस होते आणि तेथें झालेल्या अपमानामुळें विद्येसाठीं काशीस गेले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतलें एक सत्य मला मोलाचें वाटतें. अपमानित नोकराला त्या काळीं एकच मार्ग मोकळा होता, तो म्हणजे नोकरी सोडून जाण्याचा. धन्याला जाब विचारण्याचें ठिकाण नव्हतें. रामशास्त्री गेले आणि न्यायाधीश होऊन परतले. पण प्रत्येक कारकुनाला काशीस जाऊन शास्त्री होतां येत नाहीं. त्याला जाब विचारण्याचें ठिकाण त्याच्या गांवांतच मिळावयास हवें होतें, आणि तें मिळण्यास विसावें शतक अर्धें सरावें लागलें.

इंग्रजी अमदानींत १९२९ सालीं औद्योगिक तंट्यांसंबंधीं एक कायदा झाला. त्यानें चौकशी न्यायालय व समेट मंडळ नेमण्याची सोय केली, पण त्यांचा निर्णय कोणावर बंधनकारक नव्हता. दुसऱ्या महायुद्धांत भारत संरक्षण नियमांतील ८१-अ या नियमानें सरकारला तंटे लवादाकडे सोपविण्याचा व तो निवाडा बंधनकारक करण्याचा अधिकार दिला. युद्ध संपलें, नियमांची मुदत सरली, आणि त्याच धोरणाला कायम रूप देणारा औद्योगिक विवाद कायदा १ एप्रिल १९४७ पासून अमलांत आला. या कायद्यांतील ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येंत अंगमेहनतीच्या कामाबरोबर कारकुनी कामाचाही स्पष्ट उल्लेख होता. हा एक शब्द तेथें नसता, तर पुढचा सारा इतिहास घडला नसता. पांढरपेशा कारकून आजवर स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास लाजत असे. कायद्यानें त्याची ती लाज मोडली.

तत्पूर्वींच, २० एप्रिल १९४६ रोजीं, कलकत्त्यास अखिल भारतीय बँक कर्मचारी संघाची स्थापना झाली होती. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत इंपीरियल बँकेच्या नोकरांनीं बंगालमध्यें मोठा संप केला. महागाईनें पोळलेला हा वर्ग प्रथमच रस्त्यावर आला होता. मुंबईंतही असंतोष होताच. तेथील बँका व त्यांचे नोकर यांच्या तंट्यांत न्यायमूर्ति दिवेटिया यांनीं १९४७ सालीं निवाडा दिला. पण अडचण अशी झाली, कीं प्रत्येक प्रांताचा निवाडा निराळा पडूं लागला. एकाच बँकेची एक शाखा मुंबईस व दुसरी कानपुरास. दोघां कारकुनांचें काम तेंच, खातेवह्याही त्याच, आणि नियम मात्र दोन. हा घोटाळा मिटविण्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें एप्रिल १९४९ मध्यें वटहुकूम काढून एकाहून अधिक प्रांतांत शाखा असलेल्या बँकांचे तंटे आपल्या हातीं घेतले. पुढें त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला.

जून १९४९ मध्यें सरकारनें तिघां सदस्यांचें अखिल भारतीय न्यायाधिकरण नेमलें. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. सी. सेन हे अध्यक्ष. मजुमदार व चंद्रशेखर अय्यर हे सदस्य. सुमारें वर्षभर साक्षी-पुरावे चालले आणि १९५० च्या ऑगस्टांत निवाडा प्रसिद्ध झाला. पगाराच्या श्रेणी, महागाई भत्ता, रजा, कामाचे तास, सारें त्यांत आलें. कारकुनाच्या घरीं गोडधोड झालें असेल. पण तें सुख टिकणारें नव्हतें.

त्याचें असें झालें. न्यायाधिकरणाचें काम चालूं असतां चंद्रशेखर अय्यर यांस सरकारनें हिंदुस्थान-पाकिस्तान सरहद्दीच्या तंट्याच्या लवादावर धाडलें. १९४९ च्या नोव्हेंबरांत ते गेले आणि १९५० च्या फेब्रुवारींत परतले. मधल्या काळांत उरलेल्या दोघांनीं काम चालूं ठेवलें. अय्यर परत आले ते आपल्या खुर्चीवर येऊन बसले; त्यांची नवी नेमणूक झाल्याचें रीतसर जाहीर केलें गेलें नाहीं. बँकांनीं नेमकें यावर बोट ठेवलें. ९ एप्रिल १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ठरविलें, कीं तिघांचें मंडळ दोघांनीं चालवावयाचें नव्हतें आणि गेलेला सदस्य परस्पर परत येऊं शकत नव्हता. सबब सारा निवाडाच रद्द. हजारों संसारांची वर्षभराची आशा एका न निघालेल्या सरकारी जाहीर सूचनेपायीं बुडाली.

या प्रसंगीं न्यायालयाला दोष देण्याचा मोह होतो; पण तो आवरला पाहिजे. न्याय देणारें मंडळच जर नियमाप्रमाणें बसलेलें नसेल, तर आज तें माझ्या बाजूनें निकाल देईल आणि उद्यां विरुद्ध देईल. मग मी कोणाकडे दाद मागूं? कायद्याची रीत ही पुष्कळदां चिडीस आणते, पण दुबळ्याचें अखेरचें छत्र तीच असते. शिवाय हें विसरतां कामा नये, कीं आदल्या वर्षीं, मे १९५० मध्यें, भारत बँकेच्या प्रकरणांत याच न्यायालयानें औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निवाड्यावर आपल्यापुढें अपील चालूं शकतें असें ठरविलें होतें. तें दार दोन्ही पक्षांना सारखेंच उघडें होतें. यावेळीं त्यांतून बँका आंत शिरल्या एवढेंच.

निवाडा रद्द होतांच असंतोष भडकला. एप्रिल १९५१ मध्येंच पंजाब नॅशनल बँकेच्या नोकरांनीं ‘लेखणीबंद’ संप केला. माणसें वेळेवर कचेरींत आलीं, आपापल्या खुर्चीवर बसलीं, पण लेखणी उचलीनात. बँकेनें संपकऱ्यांस कामावरून काढलें. सरकारच्या मध्यस्थीनें पुष्कळांस परत घेण्यांत आलें. मात्र सुमारें दीडशें जणांस बँक घेईना. त्या दीडशें जणांचें प्रकरण न्यायाधिकरण, अपील न्यायाधिकरण अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि अखेरचा निर्णय लागला तो सप्टेंबर १९५९ मध्यें. लेखणीबंद संप हाही संपच होय. पण शांतपणें केलेल्या अशा संपांत भाग घेतला एवढ्याच कारणावरून कोणास बडतर्फ करतां येत नाहीं, असें न्यायालयानें सांगितलें आणि बहुतेकांना परत घेण्याचा निर्णय कायम केला. आठ वर्षांवर काळ गेला होता. या आठ वर्षांत किती मुलांची शाळा सुटली असेल, याची नोंद कोणत्याही निकालपत्रांत नसते. माझ्यासारख्या जन्मभर हजेरीपट मांडलेल्या शाळामास्तराच्या मनांत मात्र हा प्रश्न आल्यावांचून राहत नाहीं.

इकडे सरकारनें दुसरें न्यायाधिकरण नेमलें, पण तें काम पुरें करूं शकलें नाहीं. तेव्हां जानेवारी १९५२ मध्यें मद्रास उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पंचापगेश शास्त्री यांच्या अध्यक्षतेखालीं तिसरें नेमलें गेलें. त्याचा निवाडा १९५३ च्या वसंतांत प्रसिद्ध झाला. तोच बँकांच्या जगांत ‘शास्त्री निवाडा’ म्हणून आजही ओळखला जातो. त्यानें बँकांचे त्यांच्या भांडवल-ठेवींवरून चार वर्ग पाडले. २५ कोटी व त्यावरील पहिल्या वर्गांत, एक कोटीच्या आंतील चौथ्यांत. स्थळांचे तीन वर्ग केले. मुंबई-कलकत्त्याच्या कारकुनाला एक पगार आणि आमच्या वणीसारख्या गांवीं बसणाऱ्यास दुसरा. खेड्यांत राहणें स्वस्त असतें, हा त्यामागचा विचार. तो बराचसा खराही होता. पण मुलास शिकण्यासाठीं शहरांत ठेवावें लागतें आणि दुखणें आलें कीं नाशिकची वाट धरावी लागते, हा खर्च त्या हिशेबांत बसत नाहीं.

तथापि शास्त्री निवाड्याचें खरें मोल पगाराच्या आंकड्यांत नाहीं. ते आंकडे केव्हांच जुने झाले. त्याच्या ५२१ व्या परिच्छेदांत नोकरावरील आरोपाची चौकशी कशी करावी, याची रीत घालून दिली आहे, ती मात्र पुढच्या सर्व करारांचा पाया झाली. ती रीत थोडक्यांत अशी. आरोप लेखी व स्पष्ट असावा. चौकशीची तारीख आधीं कळवावी आणि बचावाच्या तयारीस पुरेसा वेळ द्यावा. ज्यांच्या साक्षीवर आरोप उभा आहे, त्यांची उलटतपासणी करण्याची मोकळीक असावी. आपले साक्षीदार व कागद पुढें आणतां यावे. नोंदलेल्या संघटनेचा प्रतिनिधि, किंवा बँकेच्या परवानगीनें वकील, बचावास घेतां यावा. आणि दोष सिद्ध झाल्यावरही शिक्षा काय असावी, याविषयीं त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें. चौकशीसाठीं कोणास कामावरून दूर ठेवलें, तर पहिले तीन महिने पगार-भत्त्यांचा तिसरा हिस्सा व बँकेची स्वतःची चौकशी पुढें लांबल्यास अर्धा हिस्सा त्यास पोटापुरता मिळावा, असेंही ठरलें. सावकाराच्या ओसरीवर उभ्या असलेल्या त्या जुन्या नोकराला यांतलें कांहींच लाभलें नव्हतें. एक माणूस दुसऱ्याला म्हणतो, ‘तूं दोषी आहेस;’ आणि दुसऱ्याला म्हणतां येतें, ‘दाखवा.’ एवढ्या एका शब्दाचा हक्क मिळविण्यास इतकी वर्षें लागलीं.

पण कथा येथेंही संपली नाहीं. निवाड्यावर अपील झालें. श्रम अपील न्यायाधिकरणानें एप्रिल १९५४ मध्यें नोकरांस कांहीं बाबतींत अधिक दिलें. बँकांनीं ओरड केली, कीं हा बोजा लहान शाखांना पेलणार नाहीं. तेव्हां २४ ऑगस्ट १९५४ रोजीं मध्यवर्ती सरकारनें आपल्या विशेष अधिकारानें त्या निर्णयांत काटछाट केली. न्यायासनानें दिलेलें सरकारनें काढून घ्यावें, हें त्या वेळचे मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांस पटलें नाहीं आणि त्यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बँकेच्या कारकुनासाठीं मंत्र्यानें खुर्ची सोडली, हा प्रसंग आपल्या लोकशाहीच्या इतिहासांत विरळा आहे. हेच गिरी १९६९ सालीं राष्ट्रपति झाले.

देशभर संपाचें वारें वाहूं लागल्यावर सरकारनें एक आयोग नेमला, आणि येथें महाराष्ट्राचा या कथेशीं निकटचा संबंध येतो. आयोगाचें काम प्रथम न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्याकडे होतें. वृत्तपत्रांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या पहिल्या आयोगाचेही तेच अध्यक्ष होते. काम चालूं असतां त्यांचें देहावसान झालें आणि तें मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्याकडे आलें. गजेंद्रगडकर हे साताऱ्याचे, संस्कृत विद्येची परंपरा असलेल्या घराण्यांतले. ज्या साताऱ्यास सावकाराच्या घरीं रामशास्त्र्यांचा अपमान झाल्याचें सांगतात, त्याच साताऱ्यांत जन्मलेल्या न्यायाधीशानें पेढीच्या नोकराचा तंटा मिटवावा, हा योगायोग मनोहर आहे. त्यांनीं जुलै १९५५ मध्यें अहवाल दिला. अपील न्यायाधिकरणानें दिलेलें बहुतांशीं परत मिळालें. लहान गांवांसाठीं मात्र चौथा वर्ग राहिला. सरकारनें शिफारशी मान्य केल्या आणि संसदेनें त्याच वर्षीं कायदा करून त्यांवर मोहोर उठविली. गजेंद्रगडकर पुढें १९६४ ते १९६६ भारताचे सरन्यायाधीश होते आणि राष्ट्रीय श्रम आयोगाचेही ते अध्यक्ष झाले.

यापुढचा वाद मोठा उद्बोधक आहे. नोकर म्हणे, पगार वाढवा; बँक म्हणे, ऐपत नाहीं. मग ऐपत किती, हें वह्या उघडून दाखवा, अशी मागणी सहजच आली. बँकांपाशीं ताळेबंदांत न दिसणारी गुप्त गंगाजळी असते आणि ती उघड केल्यास ठेवीदारांचा विश्वास डळमळेल, असें उत्तर मिळालें. १९६० सालीं संसदेनें कायद्यांत ३४-अ हें नवें कलम घालून ही गुप्तता राखली. जरूर तर रिझर्व्ह बँकेनें न्यायाधिकरणाला सांगावें, कीं गंगाजळींतली किती रक्कम हिशेबांत धरावी. संघानें यास आव्हान दिलें. ऑगस्ट १९६१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कलम वैध ठरविलें: संघ स्थापण्याचा हक्क मूलभूत आहे, पण संघाचा प्रत्येक हेतु सिद्धीस जावा असा हक्क त्यांतून निघत नाहीं. पैशाच्या धंद्यांतील तंटा हा इतर तंट्यांहून वेगळा कां, हें येथें दिसतें. तेथें तिसरा पक्ष नेहमीं हजर असतो, आणि तो म्हणजे ठेवीदार. तो न्यायालयांत बोलत नाहीं, पण त्याला विसरून निकाल देतां येत नाहीं.

१९६२ सालीं न्यायमूर्ति कांतिलाल देसाई यांचा निवाडा आला. मग मात्र दोन्ही पक्ष न्यायालयांस कंटाळले असावे. १९ ऑक्टोबर १९६६ रोजीं बँका व नोकरांचे संघ यांनीं समोरासमोर बसून पहिला द्विपक्षीय करार केला, आणि तेव्हांपासून हीच पद्धत चालत आली आहे. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजीं झाला. सतरा वर्षें कोर्टाची पायरी झिजविल्यावर माणसें वाटाघाटीच्या सतरंजीवर बसलीं. पण ध्यानांत घ्या, ती पायरी चढली नसती तर सतरंजी कोणी अंथरलीच नसती.

आतां एकट्या माणसाचें काय, असें आपण विचाराल. संघानें पाठीशीं उभें राहावें तर तंटा औद्योगिक ठरे. एकट्याची बडतर्फी हा त्याचा खाजगी प्रश्न समजला जाई. १९६५ सालीं कायद्यांत भर पडली आणि एकट्याचें प्रकरणही औद्योगिक विवाद मानलें जाऊं लागलें. १९७१ सालीं न्यायाधिकरणास आणखी एक अधिकार मिळाला: चौकशी रीतसर झाली असली, तरी बडतर्फीची शिक्षा अपराधाच्या मानानें फार जड वाटल्यास ती बदलण्याचा.

या सर्व संरक्षणाच्या बाहेर एक वर्ग राहिला, तो अधिकाऱ्यांचा. कारकून बढती घेऊन अधिकारी झाला, कीं त्याच्या खांद्यावरून कामगार कायद्याचें पांघरूण निघतें. मात्र नुसत्या हुद्द्याच्या नांवानें हें ठरत नाहीं. मुख्यतः काम कोणतें, हें पाहिलें जातें. सर्वोच्च न्यायालयानें एका कंपनीच्या अंतर्गत हिशेबतपासनिसासही कामगार ठरविलें. सरकारी बँकेच्या अधिकाऱ्यास १९७६ सालचे शिस्त व अपील नियम आहेत आणि उच्च न्यायालयांत रिट अर्ज करतां येतो. खाजगी बँकेच्या अधिकाऱ्याची स्थिति बिकट आहे. फेडरल बँकेच्या प्रकरणांत २००३ सालीं असें ठरलें, कीं खाजगी बँकेविरुद्ध सामान्यतः रिट अर्ज चालत नाहीं. त्याला दिवाणी न्यायालयाकडे जावें लागतें, आणि तेथें बहुधा नुकसानभरपाई मिळते. नोकरी परत मिळत नाहीं. गलेलठ्ठ पगाराची नेमणूक स्वीकारतांना हा करारनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे तरुण किती असतील?

माझ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण बँकांतून नोकरीस आहेत. त्यांना मी दोन निकाल सांगत असतों. पहिला १९९६ सालचा. सेंट्रल बँकेच्या एका अधिकाऱ्यानें आपल्या अधिकाराबाहेर जाऊन कर्जें दिलीं. बँकेचें नुकसान झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं, हा त्याचा बचाव. न्यायालयानें सांगितलें, कीं अधिकाराची मर्यादा ओलांडणें हाच गैरवर्तनाचा भाग आहे. नुकसान होण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. दुसरा निकाल डिसेंबर २००८ चा. पंजाब नॅशनल बँकेच्या एका नोकरास पोलिसांपुढील कबुलीजबाब व फिर्याद यांच्या आधारें बडतर्फ केलें होतें. न्यायालयानें म्हटलें, कीं फिर्याद हा पुरावा नव्हे. चौकशींत साक्षीदार उभा करून आरोप शाबीत केला पाहिजे. पहिला निकाल नोकराला सांगतो, कीं तुझ्या इमानाची कसोटी कडक आहे. दुसरा धन्याला सांगतो, कीं तुझा नुसता संशय म्हणजे गुन्हा नव्हे. दोन्ही एकत्र वाचावे, तेव्हां न्याय समजतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे. देखरेखीचें काम करणाऱ्यासाठीं पगाराची मर्यादा आतां दरमहा १८,००० रुपयांची आहे, आणि बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची मुदत तीनाऐवजीं दोन वर्षांची झाली आहे. कायदा बदलला, पण ‘दाखवा’ हा जुना शब्द कोणी पुसलेला नाहीं.

या साऱ्या इतिहासांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध काय? पहिली गोष्ट, कागद. सेन निवाडा एका कागदावांचून बुडाला. आपलें प्रकरणही तसेंच बुडूं शकतें. तोंडी हुकूम आला तर त्याच दिवशीं नम्र शब्दांत लेखी खुलासा मागावा. स्वतःला आलेलें प्रत्येक पत्र व दिलेलें प्रत्येक उत्तर तारीखवार जपावें. मात्र ग्राहकांचीं कागदपत्रें बचावासाठीं म्हणून घरीं नेऊं नयेत. तीं बँकेचीं आहेत, आणि गुप्ततेचा भंग हाच नवा आरोप होऊन बसतो. जो कागद हवा असेल, तो दाखविण्याची मागणी चौकशी-अधिकाऱ्यापाशीं लेखी करावी. दुसरी गोष्ट, मुदत. आरोपपत्राला रागानें उत्तर देऊं नये, आणि रागानें उत्तर न देतांही राहूं नये. चौकशीवर बहिष्कार टाकणें हें शूरपणाचें दिसतें. पण मग ती एकतर्फी पुरी होते. तिसरी गोष्ट, संगत. जाणता सहकारी, संघटनेचा प्रतिनिधि किंवा वकील आरंभींच गांठावा. अखेरीस गांठलेल्या वकिलाच्या हातीं आरंभींच्या चुका दुरुस्त होत नाहींत. आणि चौथी, घर. ही गोष्ट घरच्यांपासून लपवूं नये. अब्रूच्या भयानें जो बायकोपाशींही बोलत नाहीं, तो चौकशीपूर्वींच अर्धा हरलेला असतो.

श्रोतेहो, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. ती अपुरी आहे. हौसेनें, हट्टानें, शेजाऱ्याची जिरविण्यासाठीं कोणी तेथें जाऊं नये. पण ज्याच्या अब्रूवर निष्कारण डाग पडला आहे, त्यानें ती पायरी चढतांना कमीपणा मानूं नये. त्या दगडावर त्याच्या आधीं पुष्कळ पावलें पडलेलीं आहेत. सेन निवाड्यासवें ज्यांची आशा बुडाली त्यांचीं, आणि आठ वर्षें निकालाची वाट पाहणाऱ्या त्या दीडशें जणांचीं. त्यांच्या पावलांनीं तो दगड थोडा झिजला आहे, आणि म्हणून मागून येणाराला चढण किंचित् सोपी झाली आहे. एवढें सांगून मी आपली रजा घेतों.